वस्तीत कोण कुठून आलं, हे कसं लिहून काढायचं

नवी मुंबईत कोणालाही "मूळचे कुठले?" असं विचारा, एका शब्दात उत्तर मिळतं. सातारा. आझमगढ. पालक्काड. गुलबर्गा. उत्तर मिळतं आणि बोलणं तिथेच संपतं. कोपरखैरण्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे, तेव्हा नववीच्या मुलांकडून दर वर्षी आपल्या इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या माणसांची नोंद करून घ्यायचे. मुलं हाच प्रश्न घेऊन जायची आणि गावांच्या नावांची यादी घेऊन परत यायची. त्या यादीतून शहर काही कळायचं नाही. कळायला लागलं ते दोन प्रश्न बदलल्यावर: आल्यावर पहिलं काम काय केलंत? आणि तुम्हाला इथे कोणी आणलं?

आता सोसायट्यांचे लोक, कॉलेजची मुलं, मंडळांचे कार्यकर्ते अशी नोंद करायची म्हणून विचारायला येतात. म्हणून सगळी पद्धत एकदा नीट लिहून काढते. बाहेरून आलेल्या माणसांनी देशाचं काम आणि देशाची राहणी घडवली, हे वाक्य कोणीही मान डोलावून ऐकतो. ते कसं घडवलं, हे मात्र एकेका माणसाजवळ बसल्याशिवाय समजत नाही, आणि ही माणसं थकत चालली आहेत. माझे वडील पाटण तालुक्यातून मस्जिद बंदरला हमालीला आले, तिथून बाजाराबरोबर तुर्भ्याला आले. त्यांच्या टोळीतली आता मोजकीच माणसं उरली आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

वहीचं पहिलं पान

येणाऱ्यांची नोंद करायची, तरी पहिलं पान आधीपासून इथे असलेल्यांचं हवं. नवी मुंबई रिकाम्या जागेवर उभी राहिली नाही. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरवली गेली. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर इथल्या आगरी-कोळ्यांची घरं चालत होती. घणसोली, बोनकोडे, जुहूगाव, दिवाळे, यांपैकी जे गाव जवळ असेल तिथल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांकडे जा आणि विचारा, "बिल्डिंगी यायच्या आधी सकाळी उठून कुठे जायचात?" त्यांना घेऊन गच्चीवर गेलात तर फारच उत्तम. ते बोट करून दाखवतात: या रस्त्यापर्यंत आमची खाचरं, त्या नाल्यापर्यंत भरतीचं पाणी.

त्यांच्याकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या. जमीन गेली ती कशी, आणि त्यानंतर चूल कशावर पेटली. पहिल्या प्रश्नात १९८४ चा जानेवारी येईलच. जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं असतात भाड्याच्या खोल्या, टेम्पो, पाण्याचे टँकर, बांधकामाचा माल पुरवणं. म्हणजे बाहेरून माणूस आला तसं आधीपासून असलेल्याचंही काम बदललं. हे पान भरल्याशिवाय पुढे गेलात तर अख्खी वही एकांगी होते, म्हणून मी ते सोडू देत नाही.

आवाका लहान ठेवा

सगळं वाशी किंवा सगळं ठाणे घेऊ नका. एक इमारत, एक नाका किंवा बाजारातला एक गाळा पुरतो. इमारत घेतलीत तर फ्लॅटमालकांपाशी थांबायचं नाही. वॉचमन, जिन्याखालचा इस्त्रीवाला, घरकामाच्या मावशी, सफाईवाला, दूध टाकणारा, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा, आजोबांना सांभाळायला रात्रपाळीला येणारी बाई, हे सगळे त्याच इमारतीचे. त्यांची नावं सोसायटीच्या पाटीवर नसतात, वहीत यायला हवीत.

नाका निवडलात तर सकाळी लवकर जावं लागेल. तुर्भे, नेरुळ, ऐरोली, कुठल्याही नाक्यावर गवंडी, बिगारी, रंगारी, सुतार हत्यारांच्या पिशव्या घेऊन उभे असतात. सोलापूर, लातूर, नांदेड, कलबुर्गी, विजयपुरा, तेलंगणाचा महबूबनगर हा पट्टा तिथे मोठा. कामाची आशा असेपर्यंत कोणी तुमच्याशी बोलणार नाही, आणि बोलायला लावूही नये. ठेकेदार येऊन गेल्यावर जे मागे उरतात, ते चहाच्या टपरीवर निवांत बोलतात. त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते हे ध्यानात ठेवून चहाचे पैसे तुम्ही द्या.

एक पेटी धरा आणि मागे जा

माझी सगळ्यात आवडती पद्धत ही. माणसापासून सुरुवात न करता एखादी वस्तू धरायची आणि ती तुमच्या हाती येईपर्यंत किती हातांतून गेली ते मागे मागे शोधत जायचं.

एप्रिलमध्ये वाशीच्या फळबाजारात हापूसची पेटी घ्या. विकत घेतली नाहीत तरी चालेल, फक्त तिच्याबरोबर चाला. बागेपासून बघू. रत्नागिरी, देवगडच्या बागांत आता राखण, फवारणी, आंबा उतरवणं ही कामं मोठ्या प्रमाणावर नेपाळी माणसं करतात. मोसमाआधी येतात, कितीतरी जण बायको-मुलांसह बागेतच खोपटात राहतात. भारत आणि नेपाळमध्ये १९५० साली मैत्री करार झाला, त्यामुळे त्यांना इथे येऊन राहायला आणि काम करायला मुभा आहे. म्हणजे कोकणाचा मान समजला जाणारा आंबा झाडावरून अलगद उतरवण्याचं कसब आज परदेशातून आलेल्या माणसाच्या हातात आहे. झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, कसा धरायचा आणि देठ किती ठेवायचा, हे त्याला कोकणातल्या बागायतदाराने शिकवलं. आता तोच नव्याने आलेल्या भावाला शिकवतो.

पेटी रात्रीच्या गाडीने वाशीला येते. गाडी गाळ्याला लागली की माथाडींची, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांची टोळी पुढे होते. नीट बघा, कारण इथे एकेका हालचालीत शिस्त असते. वरचा माणूस पेटी सरकवतो, खालचा मान ताठ ठेवून घेतो, तिसरा थप्पी लावतो, आणि कोणी कोणाला ओरडून सांगत नाही. मागची पेटी पुढच्याच्या पावलाच्या अंदाजाने येते. वडील सांगायचे, नवा माणूस टोळीत आला की त्याला पहिले काही दिवस ओझं कमी आणि बघायचं काम जास्त. ही टोळी बहुधा सातारा, सांगली, पुणे या घाटावरच्या भागातली. पुढे आडत्याच्या गाळ्यावर व्यवहार होतो. त्या आडत्याचे आजोबा कुठून आले, तेही विचारा. तिथून तुमच्या भागातल्या फळवाल्याकडे पेटी जाते ती पाटीवाल्याच्या डोक्यावरून किंवा हातगाडीवरून, आणि तो पाटीवाला बऱ्याचदा उत्तर प्रदेशचा किंवा बिहारचा. मग तुमच्या गल्लीतला फळवाला. एका पेटीला दोन देश आणि चार-पाच जिल्हे लागले. मुलांना हे कागदावर काढायला लावलं की व्याख्यानाची गरज उरत नाही.

हेच इडलीच्या पिठाच्या पाकिटाबद्दल करता येतं, शाळेच्या गणवेशाबद्दल करता येतं, नव्या फ्लॅटमधल्या नळाबद्दल तर अवश्य करा. तुमच्या प्लंबरला गाव विचारा. ओडिशातला केंद्रपाडा जिल्हा निघण्याची शक्यता मोठी आहे. देशभरातल्या बांधकामांवर तिथले प्लंबर आहेत, आणि तिथल्या पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. मुंबईचे डबेवाले मावळ, जुन्नर, राजगुरुनगरचे. उडुपी हॉटेलं चालवणारे दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे. एक काम आणि एक तालुका अशी गाठ पडते ती योगायोगाने पडत नाही.

पहिला माणूस

ती गाठ कशी पडते, ते "कोणी आणलं?" या प्रश्नातून उलगडतं. प्रत्येकाच्या पुढे बाण काढा: याला मामाने आणलं, मामाला गावच्या शेजाऱ्याने, शेजाऱ्याला कोणी? असं मागे गेलात की एक माणूस असा सापडतो ज्याला कोणीच आणलं नव्हतं. दुष्काळ पडला म्हणून, घरात भांडण झालं म्हणून, सैन्यातून सुटून किंवा कुठल्यातरी गाडीत बसून तो आला. त्या पहिल्या माणसाला जे काम मिळालं, तेच पुढे त्याच्या गावाचं काम झालं. तो लाकडाच्या वखारीत लागला असता तर अर्धं गाव वखारीत असतं. तो जिवंत असेल तर बाकीचं काम बाजूला ठेवून त्याच्याकडे जा. नसेल तर त्याच्याबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा, कारण पहिल्या माणसाच्या गोष्टीला सांगताना पानं-फुलं फुटतात. तिघांच्या सांगण्यात जे सारखं येतं ते वहीत वर लिहायचं, बाकीचं "असं सांगतात" म्हणून खाली.

इतर प्रश्न मी असे ठेवते. पहिली रात्र कुठे काढली? याचं उत्तर सहसा कोणी विसरत नाही, आणि त्यातून गावकीची खोली, साइटवरची पत्र्याची शेड, दुकानाची फळी, स्टेशनचा फलाट, सगळं राहण्याचं चित्र उभं राहतं. काम कोणी शिकवलं? पहिल्या मजुरीचं काय केलं? गावी पैसे कसे पाठवता, म्हणजे पूर्वी मनीऑर्डर आणि आता मोबाइलवरून, आणि तिकडे त्या पैशातून काय उभं राहिलं? तुम्ही कोणाला आणलं? इथे येऊन कामाची कोणती रीत बदलावी लागली, आणि इथल्या लोकांनी तुमची कोणती रीत उचलली? शेवटचा प्रश्न ऐकून माणसं आधी गप्प होतात, कारण तसं त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. थांबा. घाईने पुढचा प्रश्न टाकू नका.

साल कोणाला आठवत नाही, त्यात वेळ घालवू नका. ओळखीच्या घटना समोर ठेवा. गिरण्यांचा संप झाला त्याआधी की नंतर? तो जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला. वाशीपर्यंत लोकल आली होती का? ती १९९२ मध्ये आली. ठाण्याहून थेट वाशीला गाडी होती का? ती २००४ च्या नोव्हेंबरपासून. २६ जुलैच्या पावसात कुठे होतात, म्हणजे २००५. बाजारातल्या माणसांसाठी आणखी दोन खुणा आहेत: कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईतून इथे आला, भाजी आणि फळं १९९६ मध्ये. माझ्या वडिलांच्या पिढीला साल विचारलं तर मान हलवायचे, बाजार कुठे होता ते विचारलं की महिन्यासकट सांगायचे.

आणि मार्च २०२०. टाळेबंदी लागली तेव्हा ठाण्याहून भिवंडीमार्गे नाशिक महामार्गावर डोक्यावर बोचकं घेऊन चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारा. जे गेले त्यांना विचारा, गावाला पोचायला काय काय लागलं आणि परत का आलात. जे घरात होते त्यांना विचारा, तुमच्या इमारतीत त्या दिवसांत काय बंद पडलं. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं एकाखाली एक लिहिली की शहर कोणाच्या हातांवर चालतं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

बायकांना वेगळं भेटा

जनगणनेत जन्मस्थळ, याआधी राहत होता ते ठिकाण, तिथून निघण्याचं कारण आणि इथे किती काळ, असे प्रश्न असतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी माणसं अशी निघाली जी आपलं ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होती, म्हणजे दर शंभरात सदतीस. त्यांत बायका खूप जास्त, आणि त्यांच्या नावापुढे कारण बहुतेक वेळा एकच: लग्न. तिथे माझं पक्कं मत आहे की या रकान्यात बाईचं काम हरवतं. लग्न होऊन आलेली बाई दुसऱ्या महिन्यापासून कांदा निवडायला जाते, डबे करते, चार घरची धुणीभांडी करते, तरी कागदावर ती "लग्नामुळे" आलेली. तुमच्या वहीत तिच्यापुढे दोन रकाने ठेवा: कशासाठी आली आणि आल्यावर काय केलं.

नवरा शेजारी बसलेला असला की उत्तरं तोच देतो. म्हणून बायकांना दुपारी दोन ते चारमध्ये, त्या मोकळ्या असताना भेटा, शक्यतो मुलींनी जावं. खाणावळीबद्दल जरूर विचारा. घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार ज्यांच्या हातचं जेवून उभे राहिले, त्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याचं काम तिथून उभं राहिलं. एका कामगाराच्या ताटामागे असलेली ही बाई गिरणगावाच्या गोष्टीत एका ओळीपुरती येते. तुमच्या वहीत तिला अख्खं पान द्या.

कागद मागू नका

हे मी जरा ठणकावून सांगते. आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, काहीही बघायला मागायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि कोण कुठल्या देशाचं याचा तपास तुम्ही करायचा नाही. तो तुमचा अधिकार नाही आणि ते तुमचं कामही नाही. भाषेवरून संशय घेतला जाण्याची भीती या शहरात कितीतरी माणसं बाळगून आहेत, त्यांत पश्चिम बंगालच्या मालद्याचे आणि मुर्शिदाबादचे आपल्याच देशातले गवंडीही आहेत. आधी सांगा: मी इथलीच राहणारी, हे शाळेसाठी किंवा सोसायटीसाठी आहे, तुमचं नाव लिहिणार नाही. त्यानंतरही कोणी नको म्हणालं तर नमस्कार करून उठा. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर फोन समोर ठेवून विचारायचं. खिशात चालू ठेवलेला फोन म्हणजे चोरी.

ताट, सण आणि दुकानाचं फडताळ

संस्कृती लिहा म्हटलं की मुलं सणांची यादी करतात. छठ, ओणम, दुर्गापूजा, माथाडींचा गणपती, संपलं. त्यापेक्षा दुकानदाराला गाठा. विचारा, पंधरा वर्षांपूर्वी ठेवत नव्हतात आणि आता ठेवता असं काय आहे? कोणी मागितलं म्हणून ठेवलं? नेरुळच्या किराणा दुकानात लाल मट्टा तांदूळ, सातूचं पीठ आणि कोल्हापुरी चटणी एका फडताळात असते. त्यामागे ठरावीक गिऱ्हाइकं असतात, आणि दुकानदाराला ती चेहऱ्याने माहीत असतात.

मासळी बाजारात तर हे हातांत दिसतं. माझ्या ओळखीच्या एक कोळीण मावशी आहेत. पापलेट, बोंबील, मांदेली यांवर त्यांचं आयुष्य गेलं. बंगाली गिऱ्हाईक वाढलं तशी त्यांनी रोहू आणि कटला ठेवायला सुरुवात केली. नुसता ठेवून भागेना, तो बंगाली पद्धतीने कापून द्यावा लागतो: डोकं टाकायचं नाही, मधले तुकडे जाड, पोटाचा भाग वेगळा. त्या विळीवर आता दोन्ही तऱ्हेने कापतात आणि गिऱ्हाइकाकडे बघून न विचारता तऱ्हा ठरवतात. रोहू खाडीचा नव्हे, गोड्या पाण्याचा, म्हणून स्वतः खात मात्र नाहीत. अशी एक नोंद मिळाली की सणांच्या दहा याद्या बाजूला ठेवा.

सणांचं लिहायचंच असेल तर त्यातलं काम लिहा. छठला तलावाकाठी जागा कोणी स्वच्छ केली, बांबूची सुपं कोणी विकली, मांडव कोणी घातला, परवानगीचे कागद कोणी लिहिले. त्या कागदांचं मराठी बऱ्याचदा शेजारचा मराठी मुलगा लिहून देतो.

एक फेरी ठाण्याला

आपल्या वस्तीचं काम अर्धं झालं की ठाण्याची एक फेरी करा, कारण नवी मुंबईतलं येणं पन्नास वर्षांचं आणि ठाण्यातलं शेकडो वर्षांचं. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९ चं आहे. ते बांधणारे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं. मग ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले, आणि पेणकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावं घेऊन मराठी झाले. सैन्यात, रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत त्यांनी पिढ्यान् पिढ्या नोकऱ्या केल्या. मालिदा या त्यांच्या धार्मिक विधीच्या ताटात पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं असतात. कोकणातल्या कुठल्याही घरातले जिन्नस, आणि प्रार्थना हिब्रू.

त्यांची पुढची गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण त्यात आपली माणसं दुसऱ्याच्या देशात नवी ठरतात. १९४८ नंतर बरेच बेने इस्राएली इस्रायलला गेले. तिथे काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, लग्न लावायला अडवलं. ठाण्या-पनवेलच्या, रायगडच्या या कुटुंबांनी तिथे निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारला आणि संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत. दिमोना, अश्दोद, बीरशेबा या गावांत त्यांनी मराठी बोली नेली, क्रिकेट नेलं. आता तुमच्या इमारतीतल्या ज्यांची मुलं जर्मनीला, कॅनडाला, आखातात आहेत, त्यांनाही तेच प्रश्न विचारा जे नाक्यावर विचारले. पहिली रात्र कुठे? काम कोणी शिकवलं? कोणी आणलं? अडवलं कोणी?

ठाणे पूर्वेला कोपरी कॉलनीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आहेत, आणि पुढे कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या निर्वासितांचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. घरदार सोडून आलेल्यांनी पापड लाटले, गाडीवर माल विकला, थोड्या नफ्यावर खूप माल खपवण्याची रीत बसवली, आणि आसपासच्या बाजारांना ती उचलावी लागली. वागळे इस्टेटचंही एक पान करा. १९६० च्या दशकात तिथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, कोकणातून आणि देशावरून तरुण कामगार आले, त्यांच्या वस्त्या झाल्या. कारखाने गेले, वस्त्या राहिल्या.

भांडणही लिहा

गोड-गोड वही कोणाच्या उपयोगाची नाही. नव्याने आलेला कमी मजुरीत काम करतो म्हणून आमचा दर पडला, ही तक्रार नाक्यावर ऐकाल. आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत, ही गावठाणात ऐकाल. खोली मागायला गेलो तर जात विचारली, आडनाव ऐकून नाही म्हणाले, हेही ऐकाल. जसंच्या तसं लिहा. ज्याने सांगितलं त्याच्याच शब्दांत, आपली मल्लिनाथी न जोडता.

पण दर पडण्याच्या तक्रारीशी माथाडींची गोष्ट जोडून ठेवा, ती माझ्या घरची आहे आणि माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत ओझी वाहणारे हे गावाकडचे लोक. आज काम, उद्या नाही. मालक म्हणायचा, हे माझे कामगारच नाहीत. मुकादम देईल ती मजुरी. गावाहून नवा आला की जुन्याचा दर खाली. सातारा जिल्ह्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यात काय आहे, ते मुलांना समजावून सांगा. टोळी या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे नोंदवायची. मजुरी मालकाने मंडळाकडे भरायची, तिच्यावर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. रोज वेगळ्या मालकाचं ओझं वाहणाऱ्याला कायमच्या कामगारासारखा हक्क मिळाला. नवा माणूस आला तरी नोंदणी झाली की दर तोच, म्हणून जुन्याला त्याची भीती उरली नाही. असंघटित कामगारांच्या प्रश्नावर देशात जिथे जिथे बोललं जातं तिथे या कायद्याचा दाखला देतात, आणि तो उभा राहिला पोट भरायला शहरात आलेल्या हमालांच्या मागणीतून. अण्णासाहेब १९८२ मध्ये गेले. वडिलांचा लेव्हीचा हिशेब असलेली चिठ्ठी आई देवघरात ठेवायची.

म्हणून प्रत्येक कामगाराला विचारा: नोंदणी आहे का, मजुरी कोणाच्या हातून मिळते, आजारी पडलात तर काय? आहे आणि नाही, या दोन उत्तरांमधला फरक वहीत स्पष्ट दिसला पाहिजे.

लिहून काढताना

त्याच दिवशी रात्री लिहा. बोलणाऱ्याची बोली सुधारू नका. "आमी आलू" म्हणाले तर तसंच. हिंदीत, कन्नडमध्ये सांगितलं तर एखादं मूळ वाक्य देवनागरीत ठेवून खाली मराठी द्या. नावाऐवजी काम आणि जिल्हा लिहा: इस्त्रीवाले काका, जौनपूर. मग लिहिलेलं घेऊन परत जा आणि त्यांना वाचून दाखवा. हा टप्पा कोणालाच सोडू देऊ नका. वाचून दाखवताना माणूस दुरुस्त्या सांगतो, एखादी ओळ काढायला लावतो, आणि पहिल्या वेळी न सांगितलेलं हमखास सांगतो. काढा म्हणाले तर काढा, वाद नको.

शेवटी मोठ्या कागदावर नकाशा काढा. मधे तुमची इमारत, बाहेर जिल्हे, आणि प्रत्येक बाणावर गावाच्या नावाऐवजी काम लिहा. आधीपासून असलेल्यांचं गाव त्याच कागदावर, मधोमध, जाड रेघेत. एक प्रत शाळेच्या किंवा सोसायटीच्या कपाटात, एक जवळच्या वाचनालयात, आणि ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्या हातात त्यांच्या त्यांच्या पानाची झेरॉक्स. पुढच्या जूनमध्ये नवी मुलं आली की त्यांना हीच वही द्या आणि ज्या बाणाच्या टोकाला "पहिला माणूस सापडला नाही" असं लिहिलं आहे, तिथून पुढे सुरू करायला सांगा.